श्रद्धा ओसरली, घर तेच : ख्रिस्ती कुटुंबातील अश्रद्धेचा प्रश्न

बीड जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने फार लहान आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार ४९ इतकी नोंदली गेली. त्या गर्दीत ख्रिस्ती कुटुंबे तालुक्याच्या गावांतून विखुरलेली, एकमेकांना नावानिशी ओळखणारी आणि बरीचशी नात्यागोत्याने बांधलेली आहेत. अशा समाजात रविवारची उपासना ही केवळ प्रार्थनेची वेळ नसते. सोयरीक तिथेच ठरते, आजारपणाची बातमी तिथेच कळते, नोकरीचा अर्ज कुणी भरायचा हेही तिथेच बोलले जाते. त्यामुळे अशा घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने 'माझा आता विश्वास उरला नाही' असे म्हटले, की प्रश्न एका माणसाच्या मतापुरता राहत नाही. आईला वाटते, आपण कुठे कमी पडलो? वडिलांना वाटते, मंडळीत काय सांगायचे? आणि ज्याचा विश्वास गेला त्याला वाटते, देवावरचा विश्वास गेला म्हणून आपण या घरचेही राहिलो नाही काय?

धर्म बदलणाऱ्यांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. धर्मांतर न करता ज्याची श्रद्धा नुसतीच ओसरते आणि जो त्याच घरात, त्याच ताटात जेवत राहतो, त्याच्याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. इतिहास, चर्चचे नियम आणि देशाचा कायदा या तिन्ही बाजूंनी त्याची स्थिती काय आहे, याचा हा आढावा.

शंका, अश्रद्धा आणि धर्मांतर

या विषयात तीन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. पहिली शंका. शंका घेणारा माणूस श्रद्धेच्या आतच असतो, किंबहुना श्रद्धा गंभीरपणे घेतो म्हणूनच त्याला शंका येते. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की, या साध्वीने आयुष्यातील अनेक दशके देवाच्या अनुभवाविना, अंतरीच्या अंधारात काढली होती. तरीही त्यांनी व्रत सोडले नाही आणि २०१६ मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले.

दुसरी गोष्ट अश्रद्धा. इथे प्रश्न मिटलेला असतो. माणूस उत्तराची वाट पाहायचे थांबतो. तो स्वतःला नास्तिक म्हणवील, अज्ञेयवादी म्हणवील किंवा काहीच म्हणवून घेणार नाही. तिसरी गोष्ट धर्मांतर, म्हणजे एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणे. कायदा, समाज आणि कुटुंब यांना धर्मांतर समजते, कारण त्यात माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेला दिसतो. अश्रद्ध माणूस कुठेच गेलेला नसतो. त्यामुळेच त्याला ओळखणे आणि त्याच्याशी वागणे घरच्यांना अवघड जाते.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी

मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकातील मिशनांशी जोडलेला आहे. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू होते. जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनचे काम उभारले आणि गावाजवळ बेथेल ही वसाहत वसवली. या मिशनांच्या प्रभावाने ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबे तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील, प्रामुख्याने महार व मांग समाजांतील होती. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा हा शाळा, अक्षरओळख, दवाखाना आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक यांच्याशी जोडलेला होता. आज रोमन कॅथलिक पंथीयांच्या दृष्टीने बीड हा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताचा भाग आहे.

हा तपशील घरातील तंट्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या आजोबांनी गावकुसाबाहेरून चर्चच्या बाकावर बसण्यापर्यंतचा प्रवास केला, त्यांच्या नातवाने ते बाक सोडले, तर आजोबांना तो केवळ मतभेद वाटत नाही. आपल्या कष्टाने मिळवलेली प्रतिष्ठा नातू टाकून देत आहे, असे त्यांना वाटते. नातवाला मात्र वाटते, की प्रश्न विचारण्याचे बळ मला याच शाळेने आणि याच घराने दिले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते.

नारायण शेषाद्रींच्या स्वतःच्या घरातही असा प्रसंग उद्भवला होता. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. मात्र त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात आला. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. एक भाऊ पुढे जालन्याचा धर्मोपदेशक झाला, दुसरा घरी परतला. त्या कोवळ्या मुलाच्या मनात काय चालले होते, याची फारशी वास्तपुस्त दोन्ही बाजूंच्या वादात झालेली दिसत नाही. घर आणि धर्म यांच्या ओढाताणीत ज्याचा प्रश्न, त्याचेच म्हणणे बाजूला पडते, याचे हे जुने उदाहरण होय.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील प्रश्नकर्ते

ख्रिस्ती घरात शंकेला जागा नसते, असा एक समज आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करण्याच्या हेतूने त्यांनी त्या धर्माचा अभ्यास सुरू केला आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढे ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू बनले. मोठ्या तर्कनिष्ठेने त्यांनी ख्रिस्ती मताचे समर्थन केले. पण शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. त्यांच्या चरित्रकारानेही त्या लपवल्या नाहीत. गोऱ्हे यांनी श्रद्धा सोडली नाही, हे खरे. परंतु विद्वान धर्मगुरूच्या मनातही ती एकदा मिळाली म्हणून कायमची शाबूत राहत नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

पंडिता रमाबाई यांना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लगेचच त्यांचे आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी खटके उडू लागले. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चची अधिकारसत्ता, पंथभेद या सर्वांवर रमाबाईंनी प्रश्न उपस्थित केले. आपला विवेक आपण दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवणार नाही, ही त्यांची भूमिका होती. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपात प्रसिद्ध केला. रमाबाई अखेरपर्यंत ख्रिस्तनिष्ठ राहिल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधून बायबलचे मराठी भाषांतरही त्यांनी सिद्ध केले. मात्र ख्रिस्तावरची निष्ठा आणि चर्चची आज्ञाधारकता या दोन गोष्टी त्यांनी कधी एक मानल्या नाहीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे घर तर मराठी वाचकाला परिचयाचे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती ख्रिस्ती, पत्नी सोवळेओवळे पाळणारी, असा संसार त्यांनी काही काळ केला. 'स्मृतिचित्रे' मध्ये या काळाचे जे चित्र आहे, त्यात रडणे आहे, रुसणे आहे, विनोद आहे आणि स्वयंपाकघरातील तडजोडीही आहेत. लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, त्या नवऱ्याने हट्ट धरला म्हणून नव्हे. जातिभेदाचा फोलपणा त्यांना स्वतःला उमगला तेव्हा. पुढे १९१७ मध्ये टिळकांनीही मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी असलेली बंधुसंस्था सुरू केली.

टिळकांच्या घरात श्रद्धेची दिशा उलटी होती. तिथे नवी श्रद्धा आली, जुनी गेली. परंतु घरातील एकाचा विश्वास बदलला आणि बाकीच्यांचा नाही, तर संसार कसा करावा, याचा याहून प्रामाणिक दस्तऐवज मराठीत क्वचितच सापडेल. ख्रिस्ती घरातील अश्रद्ध मुलाच्या आईवडिलांनी तो वाचावा, तो याचसाठी.

डार्विनचे घर

श्रद्धावान जोडीदार आणि श्रद्धा गमावलेला माणूस एका छपराखाली कसे राहतात, याचे जगातील सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण म्हणजे चार्ल्स डार्विन यांचे घर. तरुणपणी पाद्री होण्याच्या विचारात असलेल्या डार्विन यांचा ख्रिस्ती धर्मावरील विश्वास हळूहळू, जवळजवळ नकळत ओसरत गेला. १८३९ मध्ये त्यांचा विवाह एमा वेजवूड यांच्याशी झाला. एमा श्रद्धाळू होत्या. मृत्यूनंतर आपली ताटातूट होईल काय, ही चिंता त्यांनी त्या सुमारास पतीला पत्राने कळवली. डार्विन यांनी ते पत्र जन्मभर जपून ठेवले. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी वारली. या आघातानंतर त्यांच्या मनात उरलीसुरली श्रद्धाही राहिली नाही, असे अनेक अभ्यासक मानतात.

तरीही हे घर मोडले नाही. कुटुंब रविवारी डाऊन गावच्या चर्चमध्ये जाई, डार्विन बाहेर फिरायला जात. गावच्या पाद्र्याशी त्यांची मैत्री होती आणि गावातील धर्मादाय कामांत ते त्याला मदत करीत. त्यांच्या निधनानंतर १८८७ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा धर्माविषयीचा काही मजकूर एमा यांच्या इच्छेनुसार गाळण्यात आला. तो १९५८ मध्ये त्यांची नात नोरा बार्लो यांनी पुन्हा छापला. पतीचे मत लोकांनी वाचू नये असे पत्नीला वाटले, यात प्रेमही होते आणि वेदनाही. ज्या घरात श्रद्धा विभागली जाते तिथे या दोन्ही गोष्टी बरोबरच नांदतात.

चर्च काय मानते

रोमन कॅथलिक चर्चच्या मते बाप्तिस्मा पुसता येत नाही. ज्याचा एकदा बाप्तिस्मा झाला तो पुढे काहीही मानो वा न मानो, चर्चच्या दृष्टीने तो बाप्तिस्मा घेतलेलाच राहतो. १९८३ च्या धर्मसंहितेत ख्रिस्ती श्रद्धेचा संपूर्ण त्याग हा गंभीर अपराध मानला असून त्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली आहे. ही शिक्षा संस्कारांपासून दूर ठेवण्याची आहे. घरातून काढण्याची नव्हे. याच संहितेत चर्च औपचारिकरीत्या सोडणाऱ्यास विवाहाच्या काही नियमांतून सूट होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये ती काढून टाकली.

श्रद्धा उघडपणे नाकारलेल्या व्यक्तीच्या विवाहासाठी धर्मगुरूला बिशपची परवानगी घ्यावी लागते. कॅथलिक व बिगरकॅथलिक यांच्या विवाहात कॅथलिक जोडीदाराने मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्याचा प्रयत्न करीन, असे वचन द्यावयाचे असते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशी एकच जागतिक संहिता नाही. तिथे दृढीकरण, प्रभुभोजनातील सहभाग आणि मंडळीच्या सभासदांची यादी यांना महत्त्व असते. नियमांइतकाच पाळकाचा स्वभाव आणि पंचांचे मतही निर्णायक ठरते.

व्यवहारात बहुतेक अश्रद्ध तरुण यातील कुठलाही औपचारिक मार्ग धरत नाहीत. आधी ते प्रभुभोजन टाळतात, मग उपासनेला मागच्या बाकावर बसतात, शिक्षण वा नोकरीसाठी पुण्यामुंबईला गेल्यावर जाणेच थांबते. नाताळात गावी आले की, आईच्या समाधानासाठी पुन्हा जातात. याला ढोंग म्हणावे की माया, हे बाहेरच्याने ठरवू नये.

कायदा कुणाच्या बाजूने?

भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याच्या हक्काबरोबरच सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यात कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्य येते काय, या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिले आणि विशेष म्हणजे ते प्रकरण ख्रिस्ती पार्श्वभूमीच्या याचिकाकर्त्यांचेच होते.

आपण येशू ख्रिस्ताला मानतो, परंतु ख्रिस्ती धर्म किंवा अन्य कोणताही धर्म मानत नाही, असे या याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. आपण 'कोणत्याही धर्माचे नाही' अशी नोंद राजपत्रात प्रसिद्ध व्हावी म्हणून त्यांनी शासकीय मुद्रणालयाकडे अर्ज केले. ते फेटाळले गेल्याने त्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, आपण कोणताही धर्म मानत नाही असे सांगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे आणि कोणत्याही अर्जात वा घोषणापत्रात धर्म लिहिण्याची सक्ती सरकारला करता येणार नाही.

अश्रद्धेमुळे घरातले हक्क जातात काय? नाही. धर्म सोडल्यामुळे वा धर्मसमाजाने बाहेर काढल्यामुळे मालमत्तेचा वा वारशाचा हक्क नष्ट होणार नाही, हे तत्त्व १८५० च्या कायद्यापासून चालत आलेले आहे. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो. कोण प्रार्थना करतो आणि कोण नाही, हे त्यात पाहिले जात नाही. मृत्युपत्र करून आपल्या मिळकतीची व्यवस्था लावण्याची मोकळीक मात्र वडिलांना असते, हे लक्षात ठेवावे.

ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ मध्ये सुधारणा झाली. तिच्यानुसार जोडीदाराने दुसरा धर्म स्वीकारून ख्रिस्ती असणे सोडले, तर तो घटस्फोटाचा आधार ठरतो. केवळ विश्वास उरला नाही, हा आधार नाही. म्हणजे कायदाही धर्मांतर आणि अश्रद्धा यांत फरक करतो. विवाहाच्या वेळी चर्चमधील शपथा मनाविरुद्ध घ्यायच्या नसतील, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन विवाह नोंदवता येतो. बीडसारख्या ठिकाणी ही नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागली की नात्यातील सर्वांना कळते. म्हणून घरी आधी बोलणे शहाणपणाचे.

दाखल्याचा पेच

मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी केवळ हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्माशी न जोडण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमला.

ख्रिस्ती घरातील तरुणाची श्रद्धा गेली, म्हणून त्याला आजोबांच्या जातीचा दाखला आपोआप मिळत नाही. २०१५ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन कसोट्या सांगितल्या : मूळ जातीचा स्पष्ट पुरावा, मूळ धर्मात प्रत्यक्ष पुनर्प्रवेश आणि त्या समाजाची स्वीकृती. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीतील एका प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले, की मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे सांगणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे.

याचा परिणाम असा की, जो तरुण कोणताच धर्म मानत नाही त्याला कागदोपत्री सर्वांत कमी जागा आहे. त्याने 'हिंदू' लिहिले तर ते खोटे, 'ख्रिस्ती' लिहिले तर तेही मनाला पटत नाही आणि 'निरंक' लिहिले तर दाखल्याच्या खिडकीवर प्रश्न उभा राहतो. घरचे लोक मात्र अनेकदा संशय घेतात, की पोरगा सवलतीसाठी धर्म सोडतो आहे. त्याची अश्रद्धा प्रामाणिक असेल, तर हा आरोप त्याला सर्वांत अधिक लागतो.

२०११ च्या जनगणनेत देशभरात २८ लाख ६७ हजार ३०३ व्यक्तींच्या धर्माची नोंद 'सांगितला नाही' अशी झाली. नास्तिक म्हणून स्पष्ट नोंद झालेले केवळ ३३ हजारांच्या आसपास होते आणि त्यांत महाराष्ट्रातील ९ हजार ६५२ जणांचा वाटा राज्यांमध्ये सर्वांत मोठा होता. तुलनेसाठी, इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असे नोंदवले. तिथे अश्रद्धा हा जनगणनेतील एक मोठा रकाना आहे. आपल्याकडे ती बहुतांशी घरातील गुपित आहे.

अखेरचा प्रश्न

श्रद्धा गेलेल्याचे जगणे कुटुंब कसेबसे सांभाळून घेते; खरा पेच मरणाच्या वेळी येतो. कॅथलिक धर्मसंहितेनुसार, श्रद्धेचा उघड त्याग केलेल्या व्यक्तीने मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची काही खूण दाखवली नसेल, तर तिला चर्चचा अंत्यविधी नाकारता येतो. केरळमधील ख्यातनाम समीक्षक एम. पी. पॉल यांचे चर्चशी तीव्र मतभेद होते. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना दफनभूमीच्या मुख्य भागात जागा मिळाली नाही. पापी व बहिष्कृत मानलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या कोपऱ्यात त्यांना पुरावे लागले. केरळच्या साहित्यविश्वात आजही ही घटना सांगितली जाते. छोट्या गावात, जिथे ख्रिस्ती दफनभूमी एकच असते, तिथे आईवडिलांच्या मनात हीच भीती असते : आमच्या शेजारी याला जागा मिळेल ना?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा असून तो जुलै २०१७ पासून लागू झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो. एखाद्या समाजाने आपल्याच व्यक्तीला वा कुटुंबाला वाळीत टाकणे हा त्यानुसार गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. समाजाच्या दफनभूमीचा वापर नाकारणेही बहिष्काराच्या व्याख्येत येते. अर्थात, कायद्याने जागा मिळवता येते. प्रार्थना करणारा पाळक मिळवता येत नाही.

ज्यांना धार्मिक विधी नको असतो, त्यांच्यापुढे देहदानाचा पर्याय असतो. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाकडे देहदानाचा संकल्प हयातीत नोंदवता येतो. मात्र मृत्यूनंतर महाविद्यालयाला वेळेत कळवणे आणि संमती देणे हे काम जवळच्या नातेवाइकांनाच करावे लागते. म्हणजे अश्रद्ध माणसाची अखेरची इच्छाही त्याच्या श्रद्धावान माणसांच्याच हाती असते. त्यांच्याशी बोलणे टाळून ती पुरी होणार नाही.

घरातली वाट

जुन्या उदाहरणांवरून आणि कायद्याच्या तरतुदींवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घाईने घोषणा करू नये. शंका आणि अश्रद्धा यांतील अंतर ओळखायला वेळ लागतो आणि नाताळच्या जेवणात किंवा कुणाच्या अंत्यविधीला हा विषय काढून काहीच साध्य होत नाही. अजून शिक्षणासाठी वा निवाऱ्यासाठी घरावर अवलंबून असलेल्या तरुणाने हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुसरी, कशात सहभागी व्हायचे आणि कशात नाही, हे शांतपणे ठरवावे. भोजनापूर्वीच्या प्रार्थनेला उभे राहणे हा वडीलधाऱ्यांचा मान आहे. ज्यावर विश्वास नाही त्या वचनाला सर्वांसमक्ष होकार देणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिली करता येते, दुसरी नाकारता येते. आईवडिलांनीही एवढे ओळखावे, की जो मुलगा खोटी शपथ घ्यायला नकार देतो त्याने त्यांच्याच शिकवणीतील सत्यनिष्ठा टाकलेली नाही.

तिसरी, विवाह, मुलांचा बाप्तिस्मा आणि अंत्यविधी या तीन प्रसंगांविषयी आधी बोलावे आणि जिथे शक्य असेल तिथे लिहून ठेवावे. बहुतेक घरे मतभेदाने तुटत नाहीत. ऐन प्रसंगी कळलेल्या मतभेदाने तुटतात.

उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नागरिकाला अर्जातील धर्माचा रकाना मोकळा सोडण्याचा हक्क दिला. घरातील प्रश्न त्याने सुटत नाही. घरात कुणी रकाना भरायला सांगत नसते. तिथे एवढेच पाहिले जाते, की रविवारी सगळे उपासनेला गेल्यावर जो मागे राहिला, त्याने आल्यागेल्यांसाठी चहाचे आधण ठेवले की नाही, आणि परतलेल्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतले की नाही.